कानानं लावलेली गाडी

माझे बाबा अर्धे बहिरे होते ही गोष्ट अख्ख्या रायपुरात फक्त दोघांना माहीत होती, त्यांना आणि मला. आई आयुष्यभर त्यांच्याशी भांडत आली की हा माणूस मुद्दाम ऐकत नाही. बाबांनी तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. बहिरा नवरा म्हणवून घेण्यापेक्षा खडूस नवरा म्हणवून घेणं त्यांना बरं वाटत असावं.

रेल्वेच्या वर्कशॉपात वॅगनच्या पत्र्यांना रिव्हेट मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कानात बोळे घालणारेही काही जण होते म्हणे, पण त्यांना बाकीचे हसायचे, आणि आमचे बाबा स्वतःचं हसं करून घेणाऱ्यातले नव्हते. जाडे आवाज त्यांना शेवटपर्यंत ऐकू आले. ट्रकचा हॉर्न, आईचा आरडाओरडा, इंजिनाची धडधड, सगळं. गेले ते बारीक आवाज. कानाशी गुणगुणणारा डास त्यांना चावल्यावरच कळायचा. आणि जिच्यात त्यांचा जीव अडकला होता त्या गाडीला नेमका बारीक आवाजाचाच कान लागत होता.

ती गाडी आमची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. गुढियारीत दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाच्या दारात स्पोर्ट्स कार कुठून येणार! गाडी होती भनपुरीच्या एका सेठजींची. त्यांची राइस मिल होती, मिलच्या मागं बंगला होता, आणि बंगल्याला लागून गाडीसाठी बांधलेलं गॅरेज होतं, ते आमच्या घरापेक्षा मोठं. सेठजींनी ती कुठल्याशा जुन्या संस्थानिकाच्या घरातून आणली होती. इंग्रजी गाडी, गडद हिरवी, दोनच सीटा, वर कापडी छत, सायकलीच्या चाकांना असतात तशा तारांची चाकं. बोनेट इतकं लांब की ड्रायव्हरला रस्ता कमी आणि बोनेटच जास्त दिसायचं. माझ्या जन्माच्या आधीपासून बाबा दर रविवारी तिथं जात. देवळात जाणारे लोक आंघोळ करून जातात, बाबा येऊन आंघोळ करत, एवढाच फरक.

त्या इंजिनाला दोन कार्बोरेटर होते. दोघांनी सारखीच हवा ओढायला पाहिजे. एकानं जास्त ओढली की इंजिन बिघडलंच समजा: उभ्या जागी थरथरतं, पाय दिला की खोकतं आणि मनात आलं तर बंद पडतं. ते सारखं करायची रीत साधी आहे. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानात धरायचं आणि दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी न्यायचं, मग दुसऱ्याच्या. हवा ओढल्याचा सूं असा आवाज येतो. दोन्हीकडचा सूं सारखा होईपर्यंत स्क्रू पिळत राहायचा. रीत साधी, पण तो सूं बाबांना ऐकू येईनासा झाला.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. एका रविवारी बाबा म्हणाले, "चाल, तुले सेठजींचा बगीचा दाखवतो." बगीचा मी आजवर पाहिलेला नाही. त्यांनी मला गॅरेजात नेलं, दार आतून लावलं, नळीचं टोक माझ्या कानात कोंबलं आणि विचारलं, "कुठलं जोरात ओढून राहिलं? पुढचं का मागचं?" मी सांगितलं, मागचं. त्यांनी स्क्रू फिरवला. "आता?" असं करत करत अर्ध्या तासानं मी म्हटलं, "बाबा, आता दोन्ही एकच आहेत." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. इंजिनाकडं पाहिलं, आणि इंजिन खरंच शांत झालं होतं.

त्यानंतर दर रविवारी मी. सेठजी किंवा त्यांचे पाहुणे तिथं आले की बाबा हात जोडून सांगत, "साहब, पाच मिनट बाहर. आवाज नहीं चाहिए." दार बंद व्हायचं. नळी माझ्या कानात, स्क्रू त्यांच्या हातात. काम झालं की ती नळी ते स्वतःच्या गळ्यात डॉक्टरासारखी अडकवत आणि मग दार उघडत. सेठजी पाहुण्यांना सांगायचे, "मिस्त्री के कान में मशीन है, मशीन!" बाबा खाली बघून हसायचे. मी दारामागं उभी, कानाला नळीचा लाल वळ घेऊन.

मला पाना हातात धरू दिला नाही कधी. मागितला होता, दोनदा. "पोट्टीचं काम नाही ते." कान पोट्टीचा चालत होता, हात चालत नव्हता. वर गाडीत बसायचं तर नावच काढायचं नाही.

एकदा बसले. अकरा वर्षांची असताना. बाबा पेट्रोलचा डबा आणायला मिलमध्ये गेले होते आणि गाडीचं दार उघडं होतं. आत लाल चामड्याची सीट, लाकडाचं पातळ, थाळीएवढं स्टिअरिंग आणि पेट्रोलचा, तेलाचा, जुन्या चामड्याचा असा एक वास की अजूनही आठवला तर घशाशी येतो. मी नुसती बसले होते, हात मांडीवर ठेवून. तेवढ्यात सेठजी आले, मागून बाबा. सेठजी रागावले नाहीत. उलट हसले असावेत. पण बाबांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं, सेठजींच्या समोर थोबाडीत मारली आणि मग अंगातला शर्ट काढून त्या शर्टानं ती सीट पुसली. दोनदा पुसली. मी त्या दिवशी आंघोळ करून, सणाचा फ्रॉक घालून गेले होते, हे सांगायला पाहिजे, कारण मला ते सांगायचंच आहे. थोबाडीत मारलेली मी विसरले असते. मायबाप मारतातच. ते पुसणं मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली. शहराच्या बाहेर, शेतं होती तिथं नवी राजधानी उठली. रस्ते असे की या फुटपाथवरच्या माणसाला हाक मारली तर त्या फुटपाथवरच्याला ऐकू जाऊ नये. मला तिथल्या एका सरकारी ऑफिसात नोकरी लागली. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही याची चर्चा इथं नको. आई गेली. बाबा रिटायर होऊन म्हातारे झाले. रविवार मात्र तसाच राहिला. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, फायलींवर माझ्या सहीशिवाय पान हलत नव्हतं, आणि दर रविवारी मी स्कूटीवर मागं बापाला बसवून भनपुरीला जायची, एका परक्याच्या गॅरेजात नळी कानात घालायला. ऑफिसातल्या बायका विचारायच्या, संडेला काय करता? मी सांगायची, झोपते.

सेठजी वारले आणि सगळं त्यांच्या नातवाकडं आलं. त्याला सगळे भैया म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. पोरगा वाईट नव्हता. वाईट असायलाही थोडं मन लागतं, ते त्याच्याकडं नव्हतं. त्यानं नव्या राजधानीच्या रस्त्याला हॉटेल बांधायला घेतलं आणि एक दिवस नवी गाडी आणली. त्याच इंग्रजी कंपनीची, त्याच नावाची. जुनीची वारस. तो म्हणाला, "काका, ये उसकी पोती है।"

आम्ही दोघांनी ती नात पाहिली. खरं सांगते, मला ती आवडली. मी सगळ्यांसमोर नाक मुरडलं, पण आवडली. जुनी चालू करायची म्हणजे आधी चोक ओढा, मग दोनदा पाय मारा, मग थांबा, मग चावी, मग देवाचं नाव. हिचं बटण दाबलं की झालं. जुनीत ड्रायव्हरचे पाय इंजिनाच्या उष्णतेनं भाजून निघायचे आणि उन्हाळ्यात सेठजी चपला काढून ठेवायचे तर ब्रेक तापलेला लागायचा. हिच्यात पाठीला गार वारा देणारी सीट. जुनीचा ब्रेक दोन-तीनदा मारल्यावर लागायचा, हिचा बोट टेकवलं तरी लागे. जुनी जिथं उभी असेल तिथं तेलाचा डाग पडायचा, आणि बाबा डाग बघून सांगायचे की आज तब्येत कशी आहे. हिच्याखाली फरशी कोरडी ठाक.

बाबांनी बोनेट उघडायला सांगितलं. आत काळ्या प्लास्टिकचं झाकण. इंजिन दिसतच नाही. बाबा त्या झाकणावर हात फिरवत राहिले, जसं काही खाली कुठं कडी सापडेल. मग त्यांनी चालू करायला लावलं आणि तळहात टेकवून उभे राहिले.

"हे तं काही बोलूनच नाही राहिलं," ते मला म्हणाले.

भैयानं आतून एक बटण दाबलं आणि गाडी एकदम डरकाळी फोडल्यासारखी गुरगुरली. मी दचकले. त्यानं हसत सांगितलं की हे आवाजाचंच बटण आहे, हवा असला आवाज तर मोठा करायचा, नको तर बंद. बाबांना हे मी दोनदा मोठ्यानं सांगितलं तेव्हा पटलं. "आवाजाचं बटन?" ते म्हणाले. "म्हंजे खरा आवाज कोणता?" मला त्या प्रश्नाचा राग आला. खऱ्या आवाजाची एवढी चाड होती तर स्वतःच्या कानाचं खरं कधी सांगितलंत का, असं तोंडाशी आलं होतं.

त्याच दिवशी भैयानं त्याचा बेत सांगितला. हॉटेल तयार होत आलं होतं. दारातच काचेची मोठी पेटी करायची आणि तिच्यात जुनी गाडी ठेवायची, लोक फोटो काढतील. आत ठेवायची तर इंजिन काढून ठेवायचं, म्हणजे तेल गळणार नाही आणि वासही येणार नाही. बाबांना हे ऐकू आलं नाही असं मला आधी वाटलं. पण आलं होतं. भैयाचा आवाज जाडाच होता.

"भैया," बाबा म्हणाले, "चलती गाड़ी है। उसका दिल निकालोगे?"

माझ्या आठवणीत बाबांनी त्या घरात कशाला नाही म्हटलेलं हे पहिलं आणि शेवटचं. भैयाला मजा वाटली. म्हणाला, ठीक आहे काका, पुढच्या रविवारी सकाळी नव्या राजधानीच्या रस्त्यावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावू. मित्र येतील, फोटो होतील. तुम्ही जुनी चालवा, मी नवी. ती जिंकणार नाही हे तर ठरलेलंच, पण नीट चालून दाखवली तर इंजिन राहील, गाडी चालती राहील आणि तुमच्या हाताखालीच राहील. रस्त्यात नाटक केलं तर काचेत.

तो आठवडा बाबा जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. प्लग काढून घासले, तारा बदलल्या, पेट्रोलची टाकी उतरवून धुतली. शनिवारी मी ऑफिसातून आले तर दारातच, "उद्या पाचले निघू. गरम इंजिनावर लावा लागते." मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. "कान तं नाही ना दुखून राहिला?" असं म्हणाले. थट्टा केली होती त्यांनी. मी हसले नाही.

रविवारी सकाळी त्या रुंद रस्त्यावर भैयाचे दहा-बारा मित्र जमले होते, बायका होत्या, फोटो काढणारे दोघं होते. थंडीचे दिवस. नवी गाडी पांढरी, धुतलेली. जुनी तिच्या शेजारी अशी खुजी दिसत होती की मलाच आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं मी तिला मोठी समजत होते. भनपुरीहून इथवर बाबांनी ती चालवत आणली होती आणि मी मागून स्कूटीवर. इंजिन गरम होतं.

एका पाहुण्यानं विचारलं, ही इतकी जुनी गाडी अजून चालते कशी? भैयानं बाबांच्या खांद्यावर हात टाकला. "काका के कान! पूरे छत्तीसगढ़ में ऐसे कान नहीं मिलेंगे।" मग माझ्याकडं बघून, "और ये दीदी?"

"पोट्टी है," बाबा म्हणाले. "साथ में आ गई।"

साथ में आ गई. तीस वर्षं मी साथ में येऊन राहिले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते खाली बघून हसत होते, तेच जुनं हसू. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की थंडीतही कानशिलं तापली.

बाबांनी लोकांना नेहमीप्रमाणे लांब पाठवलं. आवाज नहीं चाहिए. बोनेट वर उभं केलं की त्याच्याआड आम्ही दोघं दिसत नव्हतो. मी नळी कानात घातली. पुढचा कार्बोरेटर, मग मागचा. मागचा जरा जास्त ओढत होता, अगदी जरा. पाव फेरा स्क्रू फिरवला असता तर झालं असतं.

"सांग," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "मागचा कमी ओढतो."

हे शब्द तोंडातून जाईपर्यंत मला माहीत नव्हतं की मी ते बोलणार आहे. असं लिहिलं की मला बरं वाटतं, पण ते खोटं आहे. मला माहीत होतं. मी नळी उचलली तेव्हाच माहीत होतं.

बाबांनी मागचा आणखी उघडला. इंजिन थरथरलं. "आता?"

"अजून कमी आहे."

त्यांनी आणखी उघडला. मग पाना खाली ठेवला आणि दोन्ही हातांची दोन-दोन बोटं दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी नेली. तसेच उभे राहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग बोटं काढून ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, जरा जास्तच वेळ.

"बराबर आहे?"

"बराबर आहे," मी म्हटलं. "एकदम बराबर."

त्यांनी नळी गळ्यात अडकवली आणि बोनेट खाली घेतलं.

गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. भैयाच्या शेजारी त्याची बायको बसायची होती, पण तिला बाहेरून व्हिडिओ काढायचा होता. भैयानं मला बोलावलं. "दीदी, आप बैठो। पुरानीवाली में पापा ने कभी बिठाया?" मी म्हटलं, नाही. "तो आज नई में बैठो। पापा को पीछे छोड़ते हैं।" सगळे हसले. बाबांच्या शेजारची लाल सीट रिकामी होती. त्यांनी तिकडून माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं, नव्हे, मला नक्की दिसलं, की त्यांचा हात त्या बाजूच्या दाराकडं गेला होता. आतून कडी काढायला. आयुष्यात पहिल्यांदा. मी नव्या गाडीचं दार उघडलं आणि आत बसले.

कोणीतरी रुमाल हलवला. नवी गाडी सुटली ती अशी की माझं डोकं मागं आपटलं. खाली काही जाणवत नव्हतं, धक्का नाही, वास नाही. भैयानं आवाजाचं बटण दाबून ठेवलं होतं. मी बाजूच्या आरशात पाहत होते. आरशात हिरवी गाडी एकदा पुढं उसळली, मग खोकली, पुन्हा उसळली. बोनेटच्या फटींतून फाट्कन आवाज झाला, तो मला इतक्या लांबूनही ऐकू आला. मग ती थांबली. रस्त्याच्या अगदी मधोमध, जिथून निघाली तिथून पन्नास पावलांवर.

भैया हसायला लागला. मीही हसले. त्याला बरं वाटावं म्हणून नाही, मला हसू आलं म्हणून. मी खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो पोरगा थांबून माझ्याकडं बघायला लागला, इतकी.

आम्ही वळून आलो तेव्हा बाबा स्टार्टर मारत होते. इंजिन लागायचं, दोनदा खोकायचं, बंद पडायचं. पेट्रोलचा वास सुटला होता. एकजण गाडीवर वाकून फोटो काढत होता. त्यानं बाबांना सांगितलं, "अंकल, थोड़ा स्माइल।" आणि बाबांनी हसून दाखवलं. तो फोटो पुढं हॉटेलात लागला, काचेच्या पेटीच्या बाजूला, मोठा करून.

भैयानं विचारलं, "क्या हुआ काका?"

बाबा गाडीतून उतरले. उतरताना गुडघा धरला. गळ्यात नळी तशीच होती. मला वाटलं आता ते माझ्याकडं बोट दाखवतील, आणि मी वाट बघत होते. दाखवा. सांगा सगळ्यांना की कान तुमचा नव्हता, पोरीचा होता. चूक माझी म्हणून का होईना, पण सांगा.

"मेरे से गलती हुई साहब," बाबा म्हणाले. "गाड़ी अच्छी है। मिस्त्री खराब हो गया।"

भैयानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. मिलमधून ट्रक मागवला आणि ट्रकवर चढवून गाडी नेली. बाबांना तिथल्या कुणीतरी चहा दिला, तो बाबांनी उभ्या उभ्या प्यायला. पेला कुठं ठेवायचा ते कळेना म्हणून हातातच धरून राहिले, शेवटी मीच घेतला.

घरी परतताना मी स्कूटी चालवत होते आणि ते मागं बसले होते. अर्ध्या रस्त्यात त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, थांब म्हणून. एका उसाच्या रसाच्या गाड्याजवळ थांबले. तिथं दुसरं कोणी नव्हतं, रसवाला बैलाला वैरण टाकत होता. बाबांनी रस मागितला नाही. रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि दोन्ही हात पुढं करून बोटं बघायला लागले.

"एक विचारू तुले?" ते म्हणाले.

मी म्हटलं, विचारा.

"मले बोटाले लागून राहिलं होतं. मागचा जास्त ओढते असं लागून राहिलं होतं. चांगला जोरात. पण तू तं म्हणली बराबर आहे."

मी स्कूटी स्टँडवर लावली.

"तुह्या कानाची गलती कधी झाली नाही," ते म्हणाले. "नऊ वर्साची होती तेव्हापासून नाही. मी कोणाले सांगतलं नाही, ते सोड. पण मले माहीत आहे ना. म्हंजे बोटच खोटं सांगून राहिलं माह्यं. कान तं गेलाच होता, आता हातही गेला म्हणा." मग मान वर करून सरळ माझ्याकडं बघत म्हणाले, "तुले का वाटते?"

मला त्यांनी काही विचारलं, माझं मत म्हणून विचारलं, असं ते पहिल्यांदाच. एक वाक्य पुरलं असतं. बाबा, तुमचा हात बरोबर होता. एवढं बोलायला काय लागत होतं! मारलं नसतं त्यांनी मला. चाळिशीच्या बाईला कोण मारतं? ते रडले असते फार तर, नाही तर महिनाभर बोलले नसते. पण त्यांचा हात त्यांच्याकडं राहिला असता.

मी म्हटलं, "वय झालं बाबा तुमचं. आता बस करा."

"हव," ते म्हणाले. आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्यारांची पेटी मोहल्ल्यातल्या एका सायकलवाल्याला देऊन टाकली. त्याला त्यातली निम्मी हत्यारं कशाची हेही कळत नव्हतं. मी थांबवलं नाही. पुढं ते बरीच वर्षं जगले, माझ्याजवळच. भैयाच्या हॉटेलात मी एकदाच गेले, ऑफिसातल्या एकीच्या मुलीच्या लग्नाला. गाडी काचेत उभी होती, पोरं पुढं उभं राहून फोटो काढत होती. मी जेवून आले. बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हात गेला हे त्यांनी खरं धरलं होतं. गेला नव्हता, पण ते मला माहीत, त्यांना नाही. शर्टाची बटणं ते लावत आणि मग माझ्यापुढं येऊन उभे राहत, बराबर लागली का पाह्य. नळ बंद करत आणि विचारत, टपकत तं नाही ना. रात्री झोपायच्या आधी गॅसचा नॉब तेच फिरवायचे, सवय होती, आणि मग स्वयंपाकघरातून हाक मारायचे, "बाई, बंद झाला का, जरा हात लावून पाह्य वं. माह्या हाताचं काही खरं नाही."

मी उठून जायची. नॉबला हात लावून पाहायची. ते दारात माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे.

इतक्या वर्षांत एकदाही, एका रात्रीही, तो त्यांनी उघडा ठेवलेला नव्हता. मी म्हणायची, "जरासा राहिला होता. मी केला बंद."